स्प्रे पेंटने ग्रह कसा काढावा, आणि कागद नेमका कधी उचलावा

दोन मिनिटांत चित्र. चार डबे, पातेल्याचं एक झाकण, मासिकाचं एक पान, आणि बघता बघता कागदावर ग्रह, डोंगर, पाण्यातलं प्रतिबिंब. असले व्हिडिओ बघून डबे घेऊन आलेल्या आणि पहिल्याच संध्याकाळी काळपट चिखल हाती आलेल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. मीही त्यातलीच. माझी पहिली तीसेक चित्रं कचऱ्यात गेली, आणि त्यातली निम्मी तरी एकाच सल्ल्यापायी गेली: "हात भराभर चालव, रंग वाळायच्या आत सगळं उरकून टाक."

सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. ही कला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिको सिटीच्या झोना रोसा भागात, रस्त्यावर वाढली. येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवायचं, त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र पुरं करायचं आणि तिथेच विकायचं. घाई ही त्या धंद्याची गरज होती, चित्राची नव्हे. शिवाय रस्त्यावरच्या कलाकाराने तेच चित्र शेकडो वेळा काढलेलं असतं. आपला रंग किती वेळात धरतो हे त्याच्या हाताला पाठ असतं. तो थांबतोसुद्धा, फक्त त्या वेळात दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी करत राहतो, म्हणून आपल्याला ते थांबणं दिसत नाही. आपण घेतो फक्त वेग.

तर एक ग्रह, मागे आकाश, थोडे तारे. सुरुवातीला एवढंच काढायचं. पिरॅमिड, धबधबे, डॉल्फिन नंतर.

कागद, डबे, मास्क

कागद चकचकीत हवा. साधा ड्रॉइंग पेपर रंग पितो, आणि प्यायलेला रंग परत उचलता येत नाही. या कलेचा निम्मा खेळ तर रंग उचलण्याचाच आहे. लेप दिलेलं २५० ते ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम, कागदाच्या जाडपणाचं माप) आर्ट कार्ड किंवा जाड फोटो पेपर घ्या. शंका असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून मिनिटभर बघा. थेंब टपोरा राहिला तर कागद चालेल, पसरून मुरला तर नाही. "सुरुवातीला कुठलाही कागद चालतो" असं सांगणाऱ्याने स्वतः सुरुवात कशावर केली होती, हे विचारावंसं वाटतं.

रंग पाच पुरेत: पांढरा, पिवळा, लाल, निळा, काळा. सगळे एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतले. हे काटकसरीसाठी सांगत नाही. लॅकर (झटपट वाळणारा) आणि इनॅमल (सावकाश वाळणारा) या रंगाच्या वेगवेगळ्या जाती आहेत. अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर लॅकर मारला तर त्यातला तेज सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा आणि मग उडून जाणारा द्रव, खालचा थर फुगवतो आणि कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. ते रूप कधीकधी सुंदर दिसतं, पण तुम्हाला हवं तेव्हा कधीच येत नाही.

मास्कवर वाद नको. नाकाला बांधलेला रुमाल, सर्जिकल मास्क, एन९५, यातलं काहीच सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. एन९५ रंगाचे कण अडवतो, वाफ सरळ आत येते. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्बनचं कार्ट्रिज आणि त्यावर कणांसाठीचा फिल्टर असलेला, रबरी कडेचा मास्क लागतो. तो घालूनही रंगाचा वास येत असेल तर एकतर तो नीट बसलेला नाही किंवा कार्ट्रिज संपलंय. नायट्राइलचे हातमोजे घाला. त्यांचा पुढे आणखीही एक उपयोग आहे.

आणि जमिनीवर बसून काम करू नका. व्हिडिओतली माणसं गुडघ्यांवर बसलेली असतात म्हणून नवखेही बसतात. पण ती उघड्यावर असतात. डब्यातून रंग ढकलणारे प्रोपेन-ब्यूटेनसारखे वायू हवेपेक्षा जड असतात, खाली बसतात आणि पेट घेतात. पूर्वी यासाठी सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू वापरत, ते जळत नसत. ओझोनच्या प्रश्नामुळे ते गेले आणि जळणारे आले. बंद खोलीत जमिनीलगत नाक आणि शेजारच्या खोलीत पेटलेला बर्नर, हा प्रकार मला कल्पनेतही नको. टेबल घ्या, गच्चीत किंवा उघड्या दारापाशी. जोराचा वाराही नको, फवारा भरकटतो.

डबा धरणं

आतली गोळी खडखडायला लागल्यावर मोजायला सुरुवात करायची, आधी नाही. तिथून पुढे १ ते २ मिनिटं. गोळी वाजतच नसेल तर ती तळाशी बसलेल्या रंगात रुतलेली आहे. डबा उलटा करून हलवा.

कागदापासून २० ते ३० सेंटिमीटर. जवळ गेलात तर डबकं होतं, लांब गेलात तर रंग हवेतच वाळून पडतो आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत होतो. नोझल कागदाच्या बाहेर दाबायची, हात कागदावरून न्यायचा, बाहेर गेल्यावर सोडायची. पहिली थुंकी नेहमी बाहेर पडू द्या.

आपला कागद आडवा, सपाट असतो, म्हणून डबा वाकवावा लागतो. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मला कुणी सांगितली नव्हती. डब्यातली नळी तळाशी एका बाजूला वाकलेली असते. काही डब्यांच्या वरच्या कड्यावर एक ठिपका असतो, तो त्या वाकाची दिशा दाखवतो. नोझलचं तोंड ठिपक्याकडे फिरवून घेतलं की डबा पुढे झुकवल्यावरही नळीचं टोक रंगातच राहतं. उलट्या दिशेला असेल तर अर्धा भरलेला डबासुद्धा नुसता वायू सोडतो आणि आपण तो संपला म्हणून फेकतो. मी असे किती फेकले असतील देव जाणे.

डबा सलग दाबत राहिलात तर तो हाताला गार लागायला लागतो. आतला द्रव वायू उकळताना उष्णता ओढून घेतो, दाब उतरतो आणि नोझल थुंकायला लागते. अशा वेळी डबा बाजूला ठेवून दुसरा घ्या. बाहेरची हवाच फार गार असेल तर डबा कोमट पाण्यात ठेवा, कोमट म्हणजे हात घालता येईल इतपतच. आचेवर, हीटरवर, उन्हात तापलेल्या गाडीत कधीही नाही.

आधी पुढचं, मग मागचं

ब्रशने काढणारा माणूस आधी आकाश रंगवतो, मग त्यावर ग्रह. इथे उलटं चालतं. जे डोळ्याला सर्वांत जवळ, ते आधी रंगवायचं आणि झाकायचं. मग त्याच्या मागचं. झाकण ठेवलं की ग्रह सुरक्षित, आता आकाश खुशाल फवारा. नवख्यांच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागतो आणि तोवर ते काळ्या आकाशावर पिवळा ग्रह बसवायची धडपड करत राहतात. पिवळा बहुधा झाकायला दुबळा असतो, काळ्यावर मारला की मळकट हिरवट दिसतो. त्याला खाली पांढरा लागतोच.

उजेड कुठल्या बाजूने येणार हे आत्ताच ठरवा आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने बाण काढा. गंमत नाही करत. पाऊण तासाने डोकं रंगात बुडालेलं असतं आणि दोन ग्रहांच्या सावल्या दोन दिशांना जातात.

आता तो अवघड टप्पा

ग्रहाच्या जागी, झाकणापेक्षा जरा मोठ्या गोलात, फिके रंग मारायचे: पिवळा, थोडा पांढरा, कडेला लाल. त्यावर गडद रंगाचा एक हात. मग मासिकाचं पान ठेवायचं, दाबायचं, उचलायचं. पानाबरोबर वरचा गडद रंग जागोजागी निघून येतो, खालचा फिका उघडा पडतो, आणि दगडाच्या शिरांसारखी, नद्यांच्या फाट्यांसारखी नक्षी उमटते. ऐकायला चार वाक्यं. मला जमायला चार महिने लागले.

माझं काय चुकत होतं ते आधी सांगते, कारण बहुतेकांचं तेच चुकतं. सगळे थर एकापाठोपाठ मारायचे, मग "रंग जरा चिकट होऊ दे" म्हणून थांबायचं, मग पान ठेवायचं. कधी सगळा रंग पानाबरोबर निघून खालचा पांढरा कागद दिसायचा. कधी पिवळा, लाल, काळा एकत्र कालवून शेणकट तपकिरी व्हायचा. कधी पान चिकटून फाटायचं आणि ग्रहावर कुठल्यातरी जाहिरातीचा कपटा कायमचा राहायचा. मी आणखी थांबून पाहिलं, कमी थांबून पाहिलं, पानं बदलली, डबे बदलले. एकदा नक्षी इतकी सुरेख आली की मी नाचलेच, आणि पुढचे दहा दिवस तीच परत येईना.

दोष थांबण्याच्या वेळेत नव्हता. मी थांबत होते चुकीच्या जागी.

थांबायचं ते दोन थरांच्या मध्ये. खालचे फिके रंग कागदाला धरून बसले पाहिजेत, आणि वरचा गडद रंग ओला असताना उचलला गेला पाहिजे. खालचा रंग कच्चा असताना वरचा मारला तर वरच्यातला सॉल्व्हंट खालच्याला परत विरघळवतो आणि दोन्हींचा एक थर होतो. मग तुम्ही कितीही थांबा, पान त्या एका थरातूनच ओढणार. तो चिखल तिथून येतो. उलट खालचा धरल्यावर वरचा पातळ हात दिला आणि लगेच पान टाकलं, तर सॉल्व्हंटला खाली शिरायला वेळच मिळत नाही. म्हणजे घाई करायची, जरूर करायची, पण फक्त शेवटच्या हातानंतर.

खालचा रंग धरला हे ओळखायचं कसं? घड्याळाने नाही. डब्यावर "१५ मिनिटांत हाताला कोरडा" असं काहीबाही छापलेलं असतं, ते पत्र्यावर, फाटकावर, खुर्चीवर रंग मारणाऱ्यासाठी. डब्यातला रंग जन्मला तोच त्या कामासाठी; १९४९ साली अमेरिकेत एडवर्ड सीमोर यांनी डब्यात भरला तो ॲल्युमिनियमचा रंग, रेडिएटरवर मारून दाखवायला. चकचकीत कार्डावर, तीन रंगांच्या थरावर, दमट दुपारी काय होईल ते त्या छापील आकड्याला माहीत नाही.

मी दोन खुणा बघते.

पहिली डोळ्याची. टेबलाच्या कडेशी खाली वाका आणि रंगाकडे तिरपं बघा. ओल्या रंगात खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब आरशातल्यासारखं दिसतं, गजांच्या कडासुद्धा मोजता येतात. थोड्या वेळाने त्या कडा विरघळतात. उजेड असतो, पण खिडकी ओळखू येत नाही, नुसता पांढुरका पट्टा. ही वेळ. त्यानंतर पट्टाही मंद होतो. तेव्हा खालचा थर जास्त वाळलाय, तरी चालेल. खालच्या थराला उशीर झाला तर फारसं बिघडत नाही, लवकर झालं तर सगळं जातं. एवढं एक वाक्य कुणी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर.

दुसरी बोटाची. गोलाच्या बाहेरच्या कडेला, जिथे पुढे काळं आकाश येणार आहे, तिथे मोज्याचं बोट टेकवा आणि उचला. बोटाला ओला रंग लागला तर थांबा. बारीक तार ओढली गेली तरी थांबा. "चट" असा हलका आवाज आला, रंगावर बोटाचा ठसा राहिला, पण मोजा जवळजवळ स्वच्छ निघाला, तर सुरू करा.

गडद हात पातळच. एक फेरी, फार तर दोन. खालचा रंग अंधुक दिसत राहिला पाहिजे. झाकून टाकायचा मोह होतो, तो आवरा. जाड थरात सॉल्व्हंटही जास्त असतो आणि तो खालच्याला भिजवतोच. डबा खाली ठेवायच्या आधी दुसऱ्या हातात पान तयार हवं. मी म्हणूनच पानं आधी फाडून, टेबलाच्या कडेला एकेक मोकळी करून ठेवते. हातमोज्याने मासिकातून पान सोडवत बसलात तर दहा सेकंद तिथेच गेले.

पान चकचकीत मासिकाचंच. वर्तमानपत्र रंग शोषतं, नक्षी पुसट येते आणि तंतू चिकटून राहतात. प्लास्टिकची पातळ पिशवी चालते, तिच्या घड्या मोठ्या आणि तीक्ष्ण उमटतात. बर्फाळ ग्रहाला छान. पान चुरगाळून परत उलगडलं तर तडे दिसतात, गुळगुळीत ठेवलं तर शिरा येतात. या शिरा का येतात याचं कारण सुंदर आहे. दोन पृष्ठभागांमधला दाट द्रव ताणला जातो तेव्हा कडेने हवा आत घुसते, आणि ती एका सरळ रेषेत न घुसता बोटं फुटल्यासारखी घुसते. सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९५८ साली दाट द्रवात पातळ द्रव घुसताना बोटं फुटतात ते मांडलं, आपल्या शिरा त्याच घराण्यातल्या. चित्रकारांनी मात्र त्याच्याही आधी ते वापरलं होतं. ऑस्कर डोमिंगेझ १९३६च्या सुमारास दोन कागदांमध्ये रंग दाबून अशीच रानं आणि खडक काढत होते, आणि मॅक्स अर्न्स्ट यांनी ती युक्ती तैलरंगात नेली. डेकॅलकोमेनिया म्हणतात तिला. म्हणजे कुणी "ही काय कला आहे, कागद तर चिकटवला नि काढला" म्हणालं तर उत्तर तयार ठेवा.

पान ठेवताना मधोमध आधी टेकवा, मग कडा सोडा. तळव्याने घासू नका. घासलं की वरचा थर सरकतो आणि शिरांऐवजी फराटे येतात. बोटांनी थापट्या मारा, कुठे जोरात, कुठे हलक्या; सगळीकडे सारखा दाब दिला तर ग्रह फरशीसारखा एकसुरी दिसतो. मग एक कोपरा धरून सरळ वर, एका दमात. मध्ये थांबलात तर तिथे रेघ उमटते. थांबून, वाकून, "बघू तरी कसं आलंय" म्हणत अर्धवट उचललेलं पान परत खाली सोडणं हा माझा जुना आजार. परत टेकवलेलं पान उचललेला रंग परत आणून टाकतं. तेच पान त्याच ग्रहावर दुसऱ्यांदा कधीही नाही. पण फेकूही नका. ते ओलं असताना दुसऱ्या कागदावर दाबलंत तर छोट्या चंद्रासाठी फुकट पोत मिळतो.

नक्षी आली नाही तर? जोर लावून परत दाबू नका. खालचा रंग शाबूत असेल तर पाच मिनिटं थांबा, गडद रंगाचा परत एक पातळ हात, परत नवं पान. तीनदापर्यंत मी हे केलेलं आहे, आणि तिसऱ्या वेळी पोत उलट जास्त खोल दिसतो. खाली पांढरा कागद उघडा पडला असेल तर त्या जागी फिका रंग मारून पहिल्यापासून.

एक काम मात्र चित्राआधी करा, जे कुणी करत नाही. त्याच कार्डाची एक पट्टी कापा, तिच्यावर फिक्या रंगाचे पाच ठिपके एकाच वेळी मारा. मग अर्ध्या मिनिटाने पहिल्यावर गडद हात आणि पान, एका मिनिटाने दुसऱ्यावर, मग दोन, तीन, पाच. प्रत्येकाखाली वेळ लिहा. पट्टीच्या मागे महिना आणि हवा: दमट, कोरडी, गार. माझ्याकडे अशा पट्ट्यांचा गठ्ठा आहे, आणि एकाच डब्याच्या दोन ऋतूंतल्या पट्ट्या बघितल्या तर दोन वेगळे रंग वाटावेत. दहा मिनिटांचं काम आहे. नवखा माणूस त्याऐवजी दहा चित्रं वाया घालवतो.

झाकण

नक्षी जमली की ग्रह झाकायचा, पण लगेच नाही. वरचा ओला रंग आता धरू द्या, नाहीतर झाकणाची कड त्यात रुतते आणि उचलताना कडेचं वर्तुळ घेऊन वर येते. बोटाची परीक्षा इथेही तीच.

झाकणाची कड सपाट आणि पातळ हवी. जुना रंग साठून कड खडबडीत झाली असेल तर खरवडून घ्या, नाहीतर खालून काळा आत शिरतो आणि ग्रहाला केस फुटल्यासारखे दिसतात. हलक्या झाकणावर दगड ठेवा. फवारा वरून सरळ मारा, कडेकडून नाही. तिरपा फवारा झाकण सरकवतो, आणि अर्धा सेंटिमीटर सरकलेलं झाकण परत जागेवर बसत नाही, बसवायचा प्रयत्नही करू नका.

आकाश आणि तारे

काळा सगळीकडे सारखा मारायचा नाही. आधी निळा, लाल, पांढरा यांचे धूसर पट्टे लांबून, ३५-४० सेंटिमीटरवरून, आणि मग त्यांच्या मधल्या फटींतून काळा. लाल-निळा ओला असताना एकमेकांत मिसळला की जांभळा आपोआप मिळतो. काळ्याने रंग झाकायचे नसतात, कडेने दाबत आणायचे असतात. बहुतेक जण इथे घाबरतात आणि सगळं काळं करून टाकतात.

दमट हवेत काळ्यावर दुधी धुकं चढलेलं दिसलं तर घाबरू नका. सॉल्व्हंट भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. कोरड्या दिवशी त्याच रंगाचा हलका हात दिला की बहुधा जातं. पावसाची झड लागलेली असताना मी डबे काढतच नाही.

ताऱ्यांसाठी पांढरा रंग डब्याच्या टोपणात थोडा फवारून घ्या, त्यात जुन्या टूथब्रशचं टोक बुडवा आणि अंगठ्याने केस मागे ओढून सोडा. पहिला शिंतोडा नेहमी मोठा पडतो, तो वर्तमानपत्रावर पाडा. तारे वाटतात त्यापेक्षा निम्मे पुरतात. ते सारखे पसरू नका. धुक्याच्या पट्ट्याजवळ दाट, कोपऱ्यांत विरळ. हे सगळं झाकण असतानाच, कारण ग्रहाच्या अंधाऱ्या अर्ध्यावर तारा दिसला की चित्र तिथेच खोटं पडतं. ग्रह पारदर्शक नसतो. चंद्रकोरीच्या पोटात तारे टाकलेली चित्रं मी इतकी बघितली आहेत की आता बोलत नाही.

झाकण दोन्ही हातांनी, सरळ वर. फिरवायचं नाही, सरकवायचं नाही.

सावली

या क्षणी ग्रह चपटा दिसतो, चकतीसारखा. बरेच जण इथेच थांबतात आणि आपलं चित्र व्हिडिओतल्यासारखं का दिसत नाही म्हणून हळहळतात. कारण सावली.

जाड कागदाला ग्रहाच्याच गोलाईची खाच कापा, म्हणजे झाकणाच्या आकाराचं भोक पडलेला कागद. तो ग्रहाभोवती बसवा, आकाश झाकलं जातं. पाठीमागच्या बाणाची दिशा बघा. उजेडाच्या विरुद्ध कडेवर, डबा कागदाबाहेर रोखून, काळ्याची नुसती धूळ येऊ द्या. फवाऱ्याचा मध्य ग्रहावर यायलाच नको, फक्त त्याची कड. तीन-चार हलके झटके. प्रत्येकानंतर मान मागे घेऊन बघा. सावली ग्रहाच्या मध्यापर्यंत विरत आली पाहिजे, आणि कडेला ग्रह आकाशात हरवला तरी चालेल, उलट छान दिसतं. झाकणाच्या कडेचं वर्तुळ राहिलं असेल तर तेही या बाजूला बुजतं. उजेडाच्या कडेला पांढऱ्याची तशीच धूळ, पण एकच झटका.

डोंगर हवे असतील तर खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्याचे ओले पट्टे मारून पॅलेट नाईफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) किंवा जाड कार्डाच्या कडेने तिरपे ओढा. पाणी हवं असेल तर तेच आडवं. सोपं आहे, दोन दिवसांत येतं.

वाळवणं

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. निदान दोन दिवस सपाट ठेवा, गुंडाळू नका, एकावर एक रचू नका. मी एकदा चार चित्रं रचली आणि सकाळी एक जाड चित्र मिळालं. वर वार्निश मारायचं असेल तर पूर्ण वाळल्यावर, तेही पातळ. चंदेरी-सोनेरी रंग वापरला असेल तर आधी तुकड्यावर करून बघा, वार्निशच्या पारदर्शक थराखाली त्यांची चमक बहुधा मरते. काचेची फ्रेम करणार असाल तर काच रंगाला टेकणार नाही अशी मधे पुठ्ठ्याची चौकट घाला.

आणि उठायच्या आधी प्रत्येक डबा उलटा धरून, नोझलमधून नुसता वायू येईपर्यंत दाबा. दोन-तीन सेकंद लागतात. विसरलात तर पुढच्या वेळी नोझल बंद असेल. मग ती काढून थिनरमध्ये भिजवा. डब्यावर असताना तिच्यात टाचणी खुपसू नका. मी खुपसली होती, लाल रंगाच्या डब्यात. भिंतीवरचा तो डाग मी अजून पुसलेला नाही, पुसून गेला नाही म्हणून.